नंतरचा रकाना

संशयी माणसं मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी स्वतः तापट, सांगलीकडची. भांडते, बोलून मोकळी होते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. संशयी माणूस भांडत नाही, तो नुसता बघत राहतो, आणि त्याच्या बघण्यानं आपल्याला न केलेल्या गुन्ह्याचाही घाम फुटतो. अशा एका माणसाबरोबर मी लखनौत चौदा वर्षं नोकरी केली. आता ते नागपूरला निघून गेलेत, आणि तरी प्रयोगशाळेत काही बिघडलं की पहिला प्रश्न माझ्या डोक्यात त्यांच्याच आवाजात येतो.

वामन वझलवार त्यांचं नाव. आमची संस्था बियाण्यांवर संशोधन करते. तिथले सगळे संगणक आणि उपकरणं त्यांच्या ताब्यात. उंच, बारीक, चष्मा कायम कपाळावर चढवलेला आणि शर्टाच्या खिशात पेनऐवजी टेस्टर. तीस वर्षं लखनौत काढून हिंदी पक्की इथली झालेली, मराठी मात्र नागपूरचीच राहिलेली, आणि दोन्ही भाषांत त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, की शेवटचा हात कुणाचा होता?

मी नवीन रुजू झाले तेव्हा तिसऱ्याच दिवशी माझा संगणक सुरू होईना. वझलवार आले आणि दहा मिनिटं त्यांनी कशालाच हात लावला नाही. टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून संगणकाच्या डब्याचा वास घेतला, खालच्या वायरी नजरेनं मोजल्या. मी काय झालं ते सांगायला लागले तर हात वर करून म्हणाले, तुमचा जबाब मागून घेऊ, आधी बिजलीचा घेऊ. मग झोळीतून होल्डरला लावलेला एक बल्ब काढला आणि भिंतीतल्या प्लगला जोडला. बल्ब पेटला. त्यांनी तो काढून पुन्हा लावला. एकदा पेटलेल्या बल्बवरही या गृहस्थांचा विश्वास नव्हता.

मग तो प्रश्न आलाच. माझाच हात, मी म्हटलं. पक्कं का? झाडूवाली आली नव्हती? टेबल कुणी सरकवलं? माझं डोकं फिरलं. मी इथं कामाला आलेय का कोर्टात, असं मी तोंडावर विचारलं. ते जराही चिडले नाहीत. कोर्टात खोटं बोलून सुटता येतं मॅडम, मशिनीपुढं सुटता येत नाही, एवढंच म्हणाले. वायर ढिली झाली होती. आदल्या संध्याकाळी मीच पायानं टेबल मागं ढकललं होतं. त्यांनी ती बसवली आणि हे कुणाला सांगितलं नाही, पण मला मात्र दोन वर्षं त्या गोष्टीचा राग होता.

त्यांच्या संशयाची एक रांग होती. आधी वीज, मग वायर, मग पार्ट बसतो ती खाच, मग पार्ट, मग प्रोग्राम आणि सगळ्यात शेवटी माणूस. "लोकं उलटं करून राहिले ना, म्हणून घोटाळा होते," असं ते म्हणायचे. मी चिडवायची, की शेवटी माणसावर येताच ना तुम्ही? येतो ना बाप्पा, ते म्हणायचे, पण तिथवर पोचेपर्यंत बहुतेक वेळा मशीन चालू झालेली असते.

घरीही तेच. लखनौतल्याच कपूरथळ्याच्या बाजारात मटार घ्यायचे तर शेंग न् शेंग उजेडाकडं धरून बघणार. एकदा भाजीवाल्यानं माझ्यादेखत त्यांना हात जोडले. बाबूजी, मटर है, मुजरिम नहीं. आंब्याच्या दिवसांत आमच्या महानगर वसाहतीतल्या घरी ते दसेरीची पेटी घेऊन आले, पण झाकण उघडू देईनात. पेटी उलटी केली आणि तळाची फळी खिळे काढून उघडली, कारण वर चांगले आंबे लावतात आणि खाली कच्चे दडपतात. माझी लेक तेव्हा सहावीत होती. तिला मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदीच. ती आत येऊन मला म्हणाली, मम्मी, अंकल आम से पूछताछ कर रहे हैं. तळाचे आंबे चांगले निघाले. वझलवारांचा चेहरा पडला.

सुलभावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याला हसायच्या. नवा कुकर आणला तर यांनी तीन दिवस नुसतं पाणी घालून शिट्ट्या ऐकल्या म्हणे. "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो," वहिनी म्हणायच्या, "हे पाणी फुंकून पितात, आणि तोंड तर कधीच पोळलेलं नाही." ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तोंड पोळायचं राहिलं होतं, एवढंच.

आता फर्मवेअरविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. संगणकाच्या मुख्य बोर्डात एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. मशीन सुरू झाली की तो तिला आधी सांगतो, तुला हात किती, पाय किती, कुणाच्या आधी कुणाला उठवायचं. त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपन्या अधूनमधून तो बदलायला सांगतात. बदलताना गडबड झाली तर धडधाकट मशिनीला स्वतःचे हातपाय ओळखू येत नाहीत. वझलवारांना हे काम अजिबात आवडायचं नाही. चालत्या मशिनीचा मेंदू काहून बदलायचा, असा त्यांचा सवाल असायचा. पण बदलायचाच म्हटलं तर त्यांची एक पद्धत होती, आणि ती आख्ख्या संस्थेत प्रसिद्ध होती.

दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर दोन रकाने, आधीचा आणि नंतरचा. अपडेटच्या आधी एका माणसानं स्क्रीनवरची एकेक सेटिंग मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं लिहायची. मेमरी किती, डिस्क किती, कुठली कशाला जोडली, सगळं. अपडेट झाल्यावर माणसांची अदलाबदल. लिहिणारा वाचणार, वाचणारा लिहिणार, आणि तेही आधीचा रकाना कागदानं झाकून, म्हणजे बघून उतरवायची सोय नाही. शेवटी दोघांच्या सह्या. फोटो का काढत नाही, असं मी एकदा विचारलं. फोटो मशीन काढते मॅडम, आणि संशय मशिनीवरच आहे, हे त्यांचं उत्तर. अशा अकरा वह्या त्यांच्या कपाटात होत्या. ऑडिटवाले आले की इतर विभागांची तारांबळ उडायची. वझलवार नुसती वही पुढं सरकवायचे. वझलवारांच्या वहीत आहे म्हटलं की आमच्याकडं वाद मिटायचा.

दुसरी पद्धत नेलपॉलिशची. डबा बंद केला की प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका तुटलेला दिसला तर कुणीतरी उघडलंय. तो ठिपका फोडायचा अधिकार फक्त त्यांना.

माझ्या प्रयोगशाळेत एक मोठा मायक्रोस्कोप आहे, आणि त्याच्या संगणकावर रजनी काम करायची. बख्शी का तालाबच्या पुढच्या एका गावातून रोज यायची, आधी टेम्पो, मग ई-रिक्षा. आठ वर्षं कंत्राटावर होती. कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं आणि त्या महिन्यात तिचं जेवणात लक्ष नसायचं, कारण नवरा आजारी आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर. हुशार बाई. वझलवारांना वाचायला माणूस लागायचा तेव्हा ते तिलाच बोलवायचे. त्यांची नेलपॉलिशची बाटली सुकली तर तिच्या पर्समधली चालायची. "जो सवाल समझ में न आए, उसका जवाब ना," हे त्यांनी तिला शिकवलेलं वाक्य तिनं स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवलं होतं.

मायक्रोस्कोपच्या कंपनीचं पत्र आलं, की बोर्डाचं फर्मवेअर बदलल्याशिवाय आमचा नवा प्रोग्राम चालणार नाही. वझलवारांनी तीन महिने ते टोलवलं. माझं काम अडलं होतं. शेवटी एका शुक्रवारी मीच त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि आज झालंच पाहिजे म्हणून हट्ट धरला. त्यांना त्या दिवशी नागपूरची गाडी पकडायची होती. शनिवारी सकाळी वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सोमवारी आल्यावर करू या का, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुमचा सोमवार कधी उजाडतो ते मला माहीत आहे. त्यांनी वही काढली आणि रजनीला हाक मारली.

सोमवारी सकाळी रजनी माझ्या खोलीत आली ती पांढरीफटक पडून. मशीन सुरू होत होती, पण मेमरी निम्मीच दाखवत होती. आणि ज्या डिस्कवर आमची चित्रं होती ती डिस्क जागेवरच नव्हती. खरं तर त्या दोन डिस्क होत्या, बोर्डानं जोडून एक केलेल्या. स्क्रीनवर नुसतं विचारत होतं, नवी डिस्क आढळली, तयार करू का? रजनीनं ना म्हणून मशीन बंद केली होती. दर दोन महिन्यांनी काढलेली प्रत वेगळी ठेवलेली होती, पण शेवटच्या प्रतीनंतरच्या पाच आठवड्यांचं काम फक्त तिथं होतं.

मी वझलवारांची वही मागवली. नंतरच्या रकान्यात सगळं जिथल्या तिथं. मेमरी पूर्ण, डिस्क दोन्ही, जोडी बरोबर. खाली दोन सह्या, वझलवार आणि रजनी. म्हणजे शुक्रवारी चार वाजता मशीन धड होती, आणि सोमवारी सकाळी तिच्यातल्या मेमरीच्या दोन पट्ट्या आणि डिस्क गायब. मधल्या काळात खोलीची किल्ली एकाच माणसाकडं होती, रजनीकडं.

मी नागपूरला फोन लावला. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, पण डॉक्टरांनी थांबवल्यामुळं त्यांचं परतणं गुरुवारवर गेलं होतं. मी विचारलं, अपडेट झाल्यावर सगळं नीट होतं ना? मला वाटलं लाईन गेली. मग ते म्हणाले, "वहीत काय आहे ते पाहा ना." एवढंच. मी वहीत पाहिलेलंच होतं.

इथून पुढं मी जे वागले ते सांगायला मला आजही लाज वाटते. रजनी म्हणाली, मॅडम, बाद वाला मिलान हुआ ही नहीं था. सर को ट्रेन थी, मुझसे दस्तखत कराके चले गए. मी तिच्यावर उसळले. वझलवार आणि रकाने ताडून न बघता? जो माणूस पेटलेला बल्ब दोनदा लावून बघतो तो? सरांवर ढकलतेस, लाज वाटत नाही, असं मी तिला सगळ्यांसमोर बोलले. ती गप्प झाली आणि मला तिच्या गप्प बसण्यातही खोट दिसली.

संशयाचं एक बरं असतं, त्याला काहीही खाल्लेलं पचतं. कुणीतरी म्हणालं, डबा उघडून बघू. पण स्क्रूवरचे ठिपके शाबूत होते आणि ते फोडायचा अधिकार वझलवारांचा. ठिपके शाबूत म्हणजे डबा उघडलेला नाही, एवढं शेंबड्या पोराला कळावं. पण प्रशासनातले श्रीवास्तवजी हळूच म्हणाले, मॅडम, नेल पॉलिश तो उसी के पर्स की है. झालं. मी तिची नखं पाहिली. तोच लाल रंग. माझ्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, बिऱ्हाड करून राहिली. श्रीवास्तवजींनी चोरीची तक्रार टाईप केली आणि मी सही केली. रजनीच्या कंत्राटाची फाईल त्याच आठवड्यात पुढं जायची होती. ती थांबली. आणि गेटवर हुकूम गेला, की कंत्राटी लोकांच्या पिशव्या जाताना तपासायच्या. फक्त कंत्राटी लोकांच्या.

वझलवार गुरुवारी परतले. गाडी उशिरा आली होती, म्हणून ते स्टेशनावरून थेट संस्थेत आले तेव्हा संध्याकाळी सुटायची वेळ होती. मी बाहेर पडत होते. गेटवर लोखंडी टेबलावर रजनीची पिशवी उपडी केलेली होती. डबा, ओढणी, औषधाची पट्टी, आणि मातीसकट चार मुळे. गार्डनं डब्याचं झाकणही उघडलं होतं. ती खाली बघत उभी होती. वझलवारांनी मला विचारलं, काय चाललंय हे? मी सांगितलं. वहीत सगळं बरोबर होतं, म्हणजे नंतरच गेलंय, असंही सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेवटचा हात कुणाचा, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संचालक, श्रीवास्तवजी, मी आणि रजनी अशा चौघांना मायक्रोस्कोपच्या खोलीत बोलावलं. बल्ब लावला. काढून पुन्हा लावला. वायरी पाहिल्या. मग आमच्यासमोर नखानं ठिपके फोडले आणि झाकण काढलं. मेमरीच्या चारही पट्ट्या आत होत्या. दोन्ही डिस्क आत होत्या. काखेत कळसा आणि आम्ही तो शोधत होतो बख्शी का तालाबच्या पिशवीत.

त्यांनी पट्ट्या एकेक करून काढल्या, खोडरबरानं त्यांचे पिवळे दात पुसले आणि एकेक लावून मशीन सुरू केली. एक पट्टी खाचेत पुरती बसलेली नव्हती. जुन्या फर्मवेअरला ते चालत होतं, नवं कडक होतं. त्यानं ती पट्टी नाकारली आणि तिच्या जोडीदारालाही बाहेर काढलं. डिस्कचं तर त्याहून सोपं निघालं. अपडेटनं सगळ्या सेटिंग कंपनीच्या मूळ मांडणीवर नेल्या होत्या आणि दोन डिस्कची जोडी तुटली होती. ती सेटिंग परत केली, मशीन उठली आणि माझी पाच आठवड्यांची चित्रं जशीच्या तशी समोर आली. त्या नवी डिस्क तयार करू का या प्रश्नाला रजनीनं हो म्हटलं असतं तर ती कायमची गेली असती. वझलवारांनी हे संचालकांना हिंदीत, सावकाश, दोनदा सांगितलं.

सगळे हसले, मी तर सुटल्यासारखी हसले. श्रीवास्तवजी म्हणाले, चलिए, अंत भला तो सब भला. पण फाईल मिटवताना ते जे म्हणाले ते वझलवारांनी नीट ऐकलं. वहीनुसार शुक्रवारी अपडेटनंतर सेटिंग बरोबर होती. सोमवारी नव्हती. म्हणजे मधे कुणीतरी छेडछाड केली, चोरी नसेल पण छेडछाड आहे. रजनीच्या फाईलवर शेरा राहू द्यावा लागेल. संदिग्ध आचरण. आणि तसा शेरा असलेलं कंत्राट नवं होत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. रजनीनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

वझलवारांना निवृत्तीला दोन महिने होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीची त्यांची फाईल वरती गेलेली होती आणि मिळणार हे जवळपास ठरलेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, वही उघडली आणि नंतरच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"साहब, ये कॉलम मैंने देखकर नहीं लिखा है," ते म्हणाले. "पहले वाले से उतारा है. मिलान नहीं हुआ था. ये लड़की सच बोल रही है."

मग श्रीवास्तवजींनी समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं, की वझलवार साहब, आप इस पर भावुक मत होइए, एखादी तांत्रिक चूक लिहून टाकू. वझलवारांनी नकाराची मान हलवली आणि लेखी द्यायला कागद मागितला. मी मराठीत, हळू आवाजात म्हटलं, साहेब, जरा थांबा, विचार करा. तेव्हा ते माझ्याकडं वळले.

"फोनवर मी वहीत पाहा म्हटलं ना तुम्हाला," ते म्हणाले. "तेव्हाच मला ठाऊक होतं. चार दिवस त्या बाईची पिशवी माझ्यामुळं उघडून राहिले लोकं."

त्यांनी तिथंच उभ्याउभ्या लिहून दिलं. रजनीवरचा शेरा गेला, फाईल सुटली, कंत्राट नवं झालं. पुढचंही झालं. संचालकांनी विचारलं, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही, की मग कपाटातल्या अकरा वह्यांचं काय? त्यातले किती रकाने बघून लिहिले आणि किती उतरवले? वझलवार म्हणाले, बाकीचे सगळे खरे आहेत. संचालक म्हणाले, ये तो आप कह रहे हैं. एक समिती बसली, वह्या जप्त झाल्या, आणि ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही त्याच्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवीना. मुदतवाढीची फाईल परत आली. मी एकदा त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, त्या शुक्रवारी मी हट्ट धरला नसता तर. ते म्हणाले, तुम्ही घाई केली, उतरवलं मी. मला रडू आलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि मी पिईपर्यंत पंख्याच्या आवाजाकडं कान लावून बसले.

रजनीची माफी मी मागितली नाही. मागायची, मागायची म्हणत राहिले. रोज समोर यायची, नमस्ते मॅडम म्हणायची, कामं चोख करायची. पण पूर्वी तिच्या डब्यातली मुळ्याची भाजी ती मला न विचारता वाढायची, ती तिनं बंद केली. मी चिडकी आहे, पण एवढं कळतं मला.

गेटवरचा हुकूम मात्र कुणी मागं घेतला नाही. सरकारी हुकूम आपोआप निघतो, आपोआप जात नाही. संध्याकाळी कंत्राटी लोक रांगेत उभे राहायचे आणि आम्ही कायमवाले शेजारच्या मोठ्या फाटकातून गाड्या काढायचो.

वझलवारांच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, दोन भाषणं. प्रामाणिक हा शब्द भाषणात कुणी वापरला नाही. संपल्यावर मी गाडी काढली, आणि फाटकाशी आल्यावर मला ते दिसले. खांद्याला झोळी, हातात शाल आणि नारळ, कंत्राटी लोकांच्या रांगेत, रजनीच्या मागं उभे. गार्ड उठून उभा राहिला होता आणि म्हणत होता, सर, आप उधर से जाइए. ते म्हणाले, नहीं, मेरा भी देखिए, ठीक से देखिए.

गार्डला काय करावं कळेना. त्यानं झोळीत नुसतं डोकावल्यासारखं केलं. वझलवारांनी स्वतःच ती टेबलावर उपडी केली. होल्डरला लावलेला बल्ब, टेस्टर, खोडरबर, एक रुमाल, चष्म्याची रिकामी डबी, वहिनींच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली. गार्ड एकेक वस्तू उचलून बघत होता आणि बघून झालेली प्रत्येक वस्तू रजनी पुसून परत झोळीत ठेवत होती. बल्ब तिनं आपल्या ओढणीत धरून ठेवला होता, तो सगळ्यात शेवटी वर ठेवायला.

खाली उतरावं आणि त्यांच्या मागं जाऊन उभं राहावं, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. माझी पर्स शेजारच्या सीटवर होती. तेवढ्यात मागच्या गाडीनं हॉर्न दिला. माझ्या फाटकावरच्या गार्डनं मला सलाम केला आणि आडवा बांबू वर उचलला. मी गाडी पुढं घेतली.